समुद्रातून वाचायची अक्षरं

दत्तू, कावळा शिवला नाही.

काल तुझा दहावा झाला. यशवंतानं पिंड ठेवला, भटजी बाजूला झाले, आम्ही सगळे वाळूत मागे सरून उभे राहिलो. कावळे नव्हते असं नाही. सुपारीच्या बागांतून चांगले सात-आठ आले, पिंडाभोवती उतरले आणि माना वाकड्या करून बघत बसले. यशवंत हात जोडून म्हणाला, "बाबा, छापखाना मी चालवीन, काळजी करू नका." एकही हलला नाही. तुझा भाऊ म्हणाला, "वहिनीला काही कमी पडू देणार नाही." तरी नाही. मग कोणीतरी म्हणालं, "तपकीर ठेवा रे चिमूटभर. त्याशिवाय हा माणूस पानावर बसायचा नाही." लोक हसले. तपकीरही ठेवून झाली. भाद्रपदातलं ऊन डोक्यावर आलं, वाळू तापली, आणि कावळे तसेच बसलेले. आवाज नाही, फडफड नाही. मला तर वाटायला लागलं, हे पिंडाकडे बघतच नाहीयेत, माझ्याकडे बघताहेत.

"काय राहिलं असेल याचं?" जो तो दुसऱ्याला विचारत होता. मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मनातल्या मनात बोललो असतो तरी चाललं असतं. नाही बोललो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि सगळे अंघोळीला वळले.

तू अडून बसला होतास की नाही, मला सांगता येत नाही. मी अडून बसलो होतो, एवढं खरं.

यशवंत म्हणाला, "काका, बाबांच्या आठवणी लिहा, छोटी पुस्तिका छापू." मी म्हटलं, शुद्धलेखन तू बघ, मजकुराला हात लावलास तर याद राख. मी तिसरीतून उठलेला माणूस. पण तुझ्याबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं आणि मी वाचावं, हे मला सोसणार नाही. तू जन्मलास कधी, शिकलास कुठे, छापखाना कोणत्या साली काढलास, ते इतर लिहितील. मी अक्षरांचं लिहितो. ती तुझी-माझी आहेत. म्हणजे माझी आहेत. हे भांडण तुझ्या बाजूनं आता बंद पडलंय, माझ्या बाजूनं नाही.

आठवतं का, तू पहिल्यांदा माझ्या मांडवात आलास तो दिवस? मी एका मचव्याच्या फळ्या बसवत होतो. छापखान्यात तुझे अक्षरांचे शिशाचे खिळे होते, मुंबईहून आणलेले. लग्नपत्रिकेला नि तपकिरीच्या पुडीला ठीक. पण आगबोट रद्द झाल्याचा कागद बंदरावर लागे, तो पाण्यातल्या माणसाला दिसे, वाचता येत नसे. लोक पार धक्क्यापर्यंत वल्हवत येत, कागद वाचत, आणि तुला शिव्या देत परत जात.

तू म्हणालास, "गोंद्या, वीतभर उंचीचा शिशाचा खिळा मला कोण ओतून देणार? तू लाकडाचा कर."

"मी होड्या करतो. अक्षरं नाही."

"होडीवर नाव कोरतोस की नाही?"

"ते सुलट असतं."

"मग हे उलटं कोर. उलट्या डोक्याला सोपं जाईल."

तो टोमणा मी विसरलो नाही. पण खरी गोष्ट ही, की त्या कामातच मी वाचायला शिकलो. शाळेत मास्तरांच्या छडीनं जे झालं नाही, ते तुझ्या ठोकळ्यांनी झालं. अजून मला उलटं अक्षर आधी कळतं, सुलट मागून. हे मी तुला जिवंतपणी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस.

वहिनीची एक जुनी पांढरी चादर तू पळवलीस. काजळी खोबरेलात कालवून कुंच्यानं तिच्यावर एक 'ब' काढलास. बंदरावर ती चादर टांगली आणि आपण दोघं माझ्या होडीतून बाहेर निघालो, वाचता येईनासं होईपर्यंत. थोडं बाहेर आलो नाही तोच 'ब'चा गोळा झाला. मी म्हटलं, आणखी जाड कर. तू जाड केलास. दुसऱ्या दिवशी आणखी लवकर गोळा झाला. तिसऱ्या दिवशी चादरीवर नुसता डांबरासारखा डाग दिसत होता आणि धक्क्यावरची पोरं विचारत होती, "दत्तूशेट, म्हैस काढलीत काय?" चौथ्या दिवशी तू होडीत एकदम उभा राहिलास. होडी कलंडली, मी वल्हं टाकून तुझं धोतर धरलं.

"गोंद्या! लोक काळं वाचत नाहीत रे. आतलं पांढरं वाचतात!"

मग तू अक्षरांचे डोळे उघडलेस. आपण त्याला डोळाच म्हणायचो, अक्षराच्या पोटातल्या मोकळ्या जागेला. उभी काठी डोलकाठीसारखी जाड, पण डोळा सताड. आणि वरची शिरोरेषा तू बारीक करायला सांगितलीस, खाली उजेड राहावा म्हणून. त्यावर आपलं वाजलं.

"अक्षर बोडकं दिसेल," मी म्हटलं.

"दिसू दे. वाचता येऊ दे."

मी कोरताना ती रेघ तुझ्या खुणेपेक्षा दोराभर जाड ठेवली. प्रत्येक अक्षराला. तुझ्या लक्षात आलं, मला माहीत आहे. तू नखानं मोजलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि ठोकळा कप्प्यात ठेवून दिलास. आजही माझं म्हणणं आहे, त्या दोराभर जाडीमुळेच दोन ठोकळ्यांच्या रेघा एकमेकींना भिडल्या, मध्ये फट दिसली नाही. तू एकदा तरी कबूल करायला हवं होतंस.

आता लाकडाचं.

तू विचारलं होतंस, सागवान कुठलं. मी म्हणालो, मलबारी, एक जुनी नाव मोडली तिचं. ते खोटं होतं. ही गोष्ट मी तुला आज पहिल्यांदा सांगतोय, आणि आज सांगायला काही हिंमत लागत नाही, म्हणून लाजही वाटते.

त्या श्रावणात वाळूवर उत्तरेकडच्या टोकाला एक मचवा येऊन पडला होता, आठवतो? पालथा. माणूस नाही, शीड नाही, जाळं नाही. कुठला, कोणाचा, काही कळलं नाही. नाळेवरचं, पुढच्या टोकावरचं, नाव पाण्यानं खरवडून नेलं होतं, निळ्या रंगाचे दोन फटकारे उरले होते. कोळीवाड्यातली माणसं आली, नारळ ठेवला, पाठ न वळवता मागे मागे चालत गेली. आपल्याकडची रीत तुलाही ठाऊक होती. ज्या मचव्यानं माणसं नेली, त्याचं लाकूड छपराखाली आणायचं नाही. चुलीत नाही, होळीतही नाही. दर्या हळूहळू परत नेतो, तोवर तिकडे बघायचंही नाही.

मी सुतार. मी बघितलं. त्याच्या कण्याचं लाकूड तसं मी जन्मात पाहिलं नव्हतं. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं, मिठात मुरलेलं, दगडासारखं. अक्षर कोरायचं तर आडव्या छेदावर कोरावं लागतं, नाहीतर शाई रेषेरेषेनं पसरते, आणि असा छेद ज्याला चिरा पडत नाही, तो बाजारात मिळत नव्हता. भर दुपारी, सगळा गाव जेवून आडवा झाला असताना, मी करवत घेऊन गेलो. बाराची वेळ. वाळूवर माझी सावलीसुद्धा नव्हती. करवत चालू केली तेव्हा पालथ्या मचव्याच्या आतून कोणीतरी करवतीच्या ठेक्यावर ठोकतंय असं ऐकू आलं. थांबलो की थांबायचं. मी स्वतःला सांगितलं, पोकळ लाकूड आहे, घुमतं. आणि कापत राहिलो. माझा स्वभाव तुला माहीत आहे. अर्धं झालेलं काम सोडून पळालो असं कोणी म्हणू नये, बघायला कोणी नसलं तरी.

ज्या मचव्याला स्वतःचं नाव उरलं नव्हतं, त्याच्या कण्यातून मी तुझी अक्षरं कोरली, दत्तू.

आणि काय उठली होती ती कागदावर! पहिल्या नाटकाच्या जाहिरातीला बाजारपेठेत गर्दी झाली होती. आगबोट बंदचा कागद लागला, तेव्हा मी मुद्दाम आगरदांड्याच्या तरीच्या होडीत बसून आलो, नुसता बघायला. एक खलाशी, दाढी पिकलेला, लांबूनच मान वर करून एकेक अक्षर फोडून वाचत होता. आ. ग. बो. ट. मी त्याला म्हटलं, "ही मी कोरली." तो म्हणाला, "मग बोट बंद का केलीस?" हे मी तुला सांगितलं तेव्हा तुला हसून ठसका लागला होता. तसा हसणारा माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. माझी बायको गेली तेव्हा तू रोज येऊन ओट्यावर बसायचास, एक शब्द बोलायचा नाहीस, मला राग यायचा. चौदाव्या दिवशी एक कोरा ठोकळा माझ्या हातात ठेवलास आणि म्हणालास, "'ह' राहिलाय." मी त्या दिवशी पटाशीला धार लावली. त्याबद्दल मी आभार मानले नाहीत. मानतो.

मग ते वाईट वर्ष आलं. एका वाऱ्यात तीन मचवे परतले नाहीत. त्यांवरच्या माणसांच्या घरच्यांनी तुला सांगितलं, आणि तू तांडेलांची नावं मोठ्या अक्षरांत छापून आगबोटीबरोबर बंदरोबंदर पाठवलीस. 'बेपत्ता' हा शब्द सगळ्यांत वर. कोणाला काही दिसलं, सापडलं, तर कळवावं म्हणून. कळवलं कोणी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा दोन नावं. तशी एकदोन माणसं परतलीही, दिघीच्या खाडीत अडकलेला एक तर नाचत आला होता. पण आलेला कोण लक्षात ठेवतो? कोळीवाड्यात बोललं जाऊ लागलं, काळ्या अक्षरात नाव चढलं की माणूस उतरत नाही.

बायकांनी एक नवीच रीत धरली. बंदरावर काळ्या अक्षरांचा कागद लागला, की वाड्यातली एखादी मोठी बाई खाऱ्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट आणायची आणि त्या कागदाच्या पाटीवर टाकायची. दुसरी भरती येऊन जाईपर्यंत ते काढायचं नाही. तोवर त्या बाजूनं चालायचं तरी मान फिरवून. नाटकवाले येऊन म्हणाले, शेट, आम्हाला बारीक टाईपच द्या. लग्नपत्रिकेवर तर कोणी आपलं नाव त्यात घेईना. मी तुझ्याशी भांडलो.

"माझी अक्षरं काय मढ्यावर घालायची?"

"माझी," तू म्हणालास.

"हां, आता तुझी! कौतुक होतं तेव्हा तुझी, नि लोक थुंकतात तेव्हा?"

"तेव्हाही माझीच, गोंद्या. तुझ्यावर कशाला घालू?"

मी घरी येऊन विचार करत राहिलो, की याला लाकडाचं कळलंय की काय.

पावसाळा सरताना तू कप्पा उघडायचास, तेव्हा ठोकळ्यांच्या तोंडावर मीठ फुललेलं असायचं. सुकवलेल्या मासळीवर येतं तसं. पुसलं की दोन दिवसांनी पुन्हा. छापताना त्या काळ्यात बारीक पांढरे थेंब उठायचे, आणि लोक म्हणायचे, कागद भिजलाय. उधाणाच्या दिवसांत कप्प्यातून किटकिट ऐकू यायची. तू मला विचारलंस, "मलबारी लाकूड इतकं मीठ धरतं?" मी म्हणालो, "धरतं." तू माझ्याकडे बघत ठोकळा पुसलास.

आता कोळीवाड्यातल्या जानकीचं लिहितो. तिची परवानगी मागितली. ती म्हणाली, "लिव. माजं काय जातंय आता."

ते आश्विनातलं. तार आली, मोठं वादळ येतंय, बावटा चढवा. बावटा चढला, पण वरची दोरी तुटून खाली आला आणि दुसरा मिळेपर्यंत दुपार होणार होती. तू यंत्रावर उभा राहिलास, मी ठोकळे देत गेलो. 'वादळ येतंय. होड्या वर काढा.' इतका सुंदर छाप त्या अक्षरांनी कधी दिला नव्हता. आपण स्वतः नेऊन बंदरावर लावला आणि उरलेले कागद घेऊन दुसऱ्या वाड्यांकडे निघालो.

आपण वळलो न वळलो, तोवर जानकीनं गोणपाट टाकलं होतं. तिला काय माहीत? तिला वाचता येत नाही. काळा कागद लागला, म्हणजे कोणीतरी गेला. आणि मचव्यांवरची माणसं, ज्यांच्यासाठी आपण चार दिवस चादर टांगून अक्षराचा डोळा उघडला होता, ती मान फिरवून शिडं चढवत बाहेर पडली. दोन मचवे गेले. एक परत आला. दुसऱ्यावर तिचा मुलगा रामा होता.

आठव्या दिवशी ती छापखान्यात आली. उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "माज्या रामाचा कागद काढा. पन त्या अक्षरात नको. बारीक अक्षरात काढा." तू तिला काही समजावलं नाहीस. शिशाच्या खिळ्यांत बोटाच्या पेराएवढं नाव छापलंस. तो कागद पाण्यातून तर सोडाच, धक्क्यावर उभं राहून वाचता येत नव्हता.

ती गेल्यावर तू माझ्याकडे वळलास. "हे मोडायला हवं. माझं नाव लाव त्यात. मोठ्ठं. मी चालताबोलता असताना. बंदरावर टांग, आणि मी रोज त्याच्याखाली बसून तपकीर ओढीन. महिनाभर बघतील, मग घाबरायचे थांबतील."

"तू लाव की. तुझा छापखाना, तुझं यंत्र."

"माणसानं स्वतःचं नाव स्वतः लावलं, तर ते वेड. दुसऱ्यानं लावलं पाहिजे. तूच लाव. तू कोरलीयस."

पहिल्यांदा तू कबूल केलंस, मी कोरलीयत म्हणून. आणि मी काय म्हणालो? "'द' झिजलाय."

तीन वर्षं 'द' झिजलेला होता. तू दर दिवाळीला विचारायचास, मी दर दिवाळीला म्हणायचो, नवा कोरून देतो. सगळ्या गावाला मी भेकड म्हणायचो, अडाणी म्हणायचो, आणि माझ्या मित्राचं नाव त्या लाकडावर चढवायची माझी छाती नव्हती. कारण लाकूड कुठलं, हे एकट्या मला माहीत होतं. मला तुला गमवायचं नव्हतं रे. हे एवढं साधं वाक्य मला तेव्हा आलं नाही.

पिंडासमोर हेच बोलायचं होतं. नाव लावतो, म्हणायचं होतं. पण बोललो असतो तर उपयोग काय? तू गेलास. मेलेल्याचं नाव त्या अक्षरांत चढलं, तर लोकांचंच खरं झालं असतं. म्हणून गप्प राहिलो.

वरचं लिहून चार दिवस झाले. आता पुढचं लिहितो.

तुझ्या तेराव्यानंतर मी छापखान्यात गेलो आणि यशवंताकडून कप्प्याची चावी मागितली. तीन वर्षांत तो उघडला नव्हता. उघडला तर समुद्राचा वास आला, ओहोटीला येतो तसा. सगळे ठोकळे मिठानं पांढरे. तुझ्या नावाचे ठोकळे तेवढे कोरडे, काळे, शेजारी शेजारी लावलेले. मी बोट लावलं. बोटाला शाई लागली. ओली.

"ही तू लावली होतीस?" मी यशवंताला विचारलं.

"मी कप्प्याला हात लावलेला नाही, काका."

"मग बाबांनी."

"बाबा आठ महिने अंथरुणातून उठले नव्हते. तुम्हीच भरवायला यायचात."

मी म्हटलं, मीठ पाणी ओढतं, जुनी शाई सुटली असेल. यशवंत हो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तुझे ठोकळे मी धडप्यानं पुसले. त्यातला 'द' उजेडात धरून बघितला. मुळीच झिजला नव्हता, अर्थात.

"बाबांचं नाव लावायचं का?" यशवंतानं विचारलं.

"माझं लाव."

तो मागे सरला. "काका, मी शाई नाही लावणार."

तुझाच मुलगा, शिकलेला, मुंबई बघितलेला! त्याला मी बोल लावला नाही. पण तू म्हणाला होतास, दुसऱ्यानं लावलं पाहिजे. मी त्याला म्हटलं, निदान ठोकळे हातात दे. त्यानं एकेक दिला, गो, विं, द, आणि खाली सुतार. त्याखाली शिशाच्या मोठ्यातल्या मोठ्या खिळ्यांत 'जिवंत आहे'. रूळ मी फिरवला. दांडा दोघांनी ओढला. कागद उचलला तेव्हा नाव सुलट झालं होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला ते वाचताच आलं नाही. दुसऱ्याच कोणाचं तरी वाटलं.

सकाळी बंदरावर लावलं आणि खाली दगडावर बसलो. समुद्रावर धुकं होतं. लोक आले, लांबून बघितलं, मान फिरवून गेले. एक जण तर माझ्या घराकडे सांत्वनाला निघाला होता म्हणे. मग जानकी आली. खांद्यावर गोणपाट, पाणी ठिबकतंय.

"कोन गेला रं?" तिनं मान खाली ठेवूनच विचारलं.

"मी."

तिनं वर बघितलं. "तू तं हितं बसलास."

"म्हणून तर लावलंय. वाच."

"माज्या बापानं वाचलं व्हतं काय? दत्तूशेटला जाऊन पंधरा दिस न्हाय झालं, आन् तुला लगेच घाई सुटली! उतरव ते."

"नाही उतरवणार. झाकायचं तर झाक. मी इथेच बसणार आहे, रोज. आश्विन लागेल, तार येईल, कागद लागेल. तेव्हा लोकांनी बघायला हवं जानकी. एवढ्यासाठी."

ती गोणपाट धरून उभी राहिली. पाणी तिच्या पायावर गळत होतं. मग म्हणाली, "रामाच्या कागदाला मीच नको बोलले रं मोठी अक्षरं." मी काही बोललो नाही. तुझ्याकडून शिकलेलं. ती झाकतही नव्हती आणि जातही नव्हती.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"गोविंद सुताऽऽर!"

मचवा दिसत नव्हता. शीड नाही, वल्ह्याचा आवाज नाही. जानकी म्हणते, तिथून कागद दिसेल एवढ्या जवळ कोणी असणं शक्यच नव्हतं. आवाज ओळखीचा होता का, हे मला विचारू नकोस. दर्यावरून कोणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आपल्याकडे पोर बोलायला लागायच्या आधी शिकतं. दुसरी हाक आली तर माणूस, नाही आली तर ते दुसरंच काही. जानकीनं गोणपाट टाकलं आणि ओल्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं.

"देऊ नको," ती कुजबुजली. "दुसरी येऊ दे."

कोणीतरी माझं नाव वाचलं होतं, दत्तू. समुद्रातून.

मी उभा राहिलो आणि पहिल्याच हाकेला ओ दिली.